न ठरवलेला घोडा

त्या दिवशी टेंबरवांटला मी गेलो होतो तो नुसती भिंत बघायला. हातात ना काडी, ना रंगाची पुडी. खांद्यावर टॉवेल, खिशात बिड्या आणि बरोबर नगला. नगला माझा जोडीदार. रंग तो कालवायचा आणि दोघांच्या वाटची बडबडही तोच करायचा. ओरसंग नदी ओलांडली, टेकाड चढलो. माघ चालू होता, पळसाला कुठं कुठं लाल दिसायला लागलं होतं. भिंत बघायची, मापं घ्यायची, रोटला खाऊन परत यायचं, एवढंच काम.

तुम्ही मघाशी म्हणालात, "वेस्ताकाका, तुम्हाला सुचेल ते काढा." चित्रासाठी आणलेल्या तुमच्या कागदाची घडी मी अजून मोडली नाही ती त्यामुळंच. रागावू नका, पण सुचेल ते म्हणून कुणी सोयरीक करतं का? पिठोरो देवाची भिंत म्हणजे त्याच्या लग्नाची वरात. कुणाचा घोडा पुढं, कुणाचा मागं, सूर्य कुठल्या कोपऱ्यात, दाराशी वाघ कुठं, हे आधी ठरतं. घरधनी, अंगात देव येणारा बडवो आणि भिंत काढणारा लखारा असे तिघं बसून ठरवतात. मग लखाऱ्यानं ती अख्खी भिंत डोक्यात उभी करायची. शेवटचा विंचूसुद्धा आपल्या जागी बसला पाहिजे. तोवर रंगाला हात लावायचा नाही. माझं हे चालू असताना कुणी मध्ये बोललेलं मला खपायचं नाही. बायको ताट ठेवून मुकाट निघून जायची. गावातले म्हणायचे, वेस्ता भिंतीत गेलाय, दोन दिवसांनी बाहेर येईल.

हल्ली पोरं पत्र्याचे छाप ठेवून घोडे काढतात. मी कधी छापाला हात लावला नाही. माझ्या घोड्याची मान लांब, आणि एक कान पुढं, एक मागं. असा कान आमच्या सगळ्या पट्ट्यात दुसरं कुणी काढत नाही. याचा मला फार ताठा होता.

तर भिंत गमीरची. गमीर म्हणजे माझा दाजी. माझी धाकटी बहीण थावली त्याला दिली होती. तीन वर्षांपूर्वी ती त्यांच्याच परसातल्या विहिरीत गेली. पाय घसरला, असं त्यांनी सांगितलं. थावलीचा पाय! डोक्यावर दोन हंडे घेऊन नदीतल्या दगडांवरून उड्या मारत येणारी पोर ती. मला एक शब्द पटला नव्हता त्यातला. पण बघणारं कोण होतं? आमच्याकडं घरं शेतात सुटी सुटी असतात, एकाच्या घरची हाक दुसऱ्याला ऐकू येत नाही.

मग अशा माणसाच्या भिंतीवर देव काढायला गेलास कशाला, असं वाटलं असेल तुम्हाला. देवाच्या कामाला लखारा नाही म्हणत नाही, हे लोकांना सांगायला. खरं कारण सांगतो, थांबा.

ओसरीत बसलो. गमीर समोर, त्याची आई भुरीमा दाराआड. खाटेवर हिमला बडवो. सत्तरीचा म्हातारा, नुसती हाडांची मोळी; पण अंगात देव आला की चौघांना आवरायचा नाही. गमीर फार वाळला होता. डोळे खोल गेलेले.

"तीन वर्षं धड झोप नाही, वेस्ताभाई," तो म्हणाला. "गाई गाभ धरत नाहीत. विहिरीचं पाणी नासलं, काटे टाकून बंद केली. पिठोरोचा नवस बोललोय मी. आणि हिमलाबाबा म्हणतात, हात वेस्ताचाच पाहिजे."

"झोप येत नाही होय?" नगला म्हणाला. "माझ्या सासऱ्याची एक बाटली पाठवतो दाजी, तीन दिवस उठणार नाहीस."

कुणी हसलं नाही. हिमलानं मक्याचे दाणे काढले आणि एकेक घोड्याचा एकेक दाणा जमिनीवर मांडायला लागला. बाबा पिठोरो. पिठोरी राणी. बाबा इंद. राणी काजल. असं करत करत घरातल्या पूर्वजांपाशी आला; गेलेल्या प्रत्येकाला एक घोडा.

"या घरातून गेलेले किती?"

"चार," गमीर म्हणाला. "आजा, आज्याचा भाऊ, बाप, काका."

"चारच?"

"चारच. विहिरीत गेलेल्याला घोडा नसतो बाबा. तुम्हीच सांगता ना?"

हिमलानं माझ्याकडं बघितलं. दाराआडून भुरीमाच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"चार," मीही म्हणालो.

आणि घरी येऊन डोक्यात पाच उभे केले.

आता ऐका, खरं कारण. भिंत पुरी झाली की बडवोच्या अंगात येतं. तो तलवार घेऊन भिंतीसमोर उभा राहतो, एकेका घोड्याला टोक लावतो आणि विचारतो, हा कुणाचा? घरधन्यानं मोठ्यानं नाव घ्यायचं. नाव नसलेला घोडा भिंतीवर राहू शकत नाही, आणि एकदा काढलेला घोडा पुसताही येत नाही. कोर्टात माणूस खोटं बोलतो. पोलिसांपुढं तर बोलावंच लागतं. पण त्या भिंतीपुढं आमच्यातलं कुणी खोटं बोलत नाही. मला गमीरचं तोंड उघडायचं होतं. साऱ्या गावासमोर, त्याच्याच ओसरीत. थावलीचं नाव घे, आणि ती कशी गेली ते सांग. मग पुढं काय करायचं ते गावानं आणि देवानं बघावं. तीन वर्षं मी तोंडातल्या तोंडात दात खात होतो, त्याला आता वाट मिळाली होती.

दोन दिवस मी भिंतीत होतो. थावलीच्या घोड्याला मी जागा दिली ती चार पूर्वजांच्या मागं, पाणी भरणाऱ्या बायांच्या जवळ. उजव्या कोपऱ्यापासून सात विती, जमिनीपासून तीन. हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, नगलालाही नाही.

मंगळवारी कुमारी पोरींनी भिंत सारवली, वर पांढऱ्या मातीचा हात दिला. बुधवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा भिंत खडखडीत वाळली होती. पांढरी शुभ्र. फक्त एका जागी ओल होती, दोन तळव्यांएवढी.

"पोरींनी इथं हंडा पालथा केला की काय?" नगला हात लावून म्हणाला. "बर्फ आहे नुसता!"

मी वीत लावली. कोपऱ्यापासून सात. जमिनीपासून तीन.

भीती वाटायला हवी होती, नाही? मला आनंद झाला. वाटलं, आली. माझी बहीण आली. तिला कळलंय दादानं काय ठरवलंय ते. मी नगलाला म्हणालो, "राहू दे ओली. तिथं शेवटी काढू."

ओसरीला चादर बांधली. भिंत पुरी होईपर्यंत बाहेरच्यानं बघायची नसते. बाहेर भर दुपारचं ऊन, ढोल, बायकांची गाणी, तळलेल्या ढेबऱ्यांचा वास. आत मात्र संध्याकाळ झाल्यासारखा अंधार. दूध आणि मोहाची दारू घालून कालवलेले रंग, त्यांचा आंबूस वास भरलेला. मी चौकट काढली, दाराशी वाघ बसवले. घोडे भराभर उतरत गेले; ठरलेली भिंत काढायला वेळ लागत नाही. चौथा पूर्वज झाला. मी काडी बुडवली आणि ओल्या जागेकडं वळलो.

"झाले की चार," नगला म्हणाला.

"लाल दे."

"वेस्ता, दाणे चार होते. हा कुणाचा?"

"रंग दे म्हणतो ना!"

त्यानं वाटी पुढं केली. मी मानेची रेघ ओढायला घेतली, आणि बाहेरचा ढोल बंद झाला. गाणीही. सगळं एकदम. काडी भिंतीला लागली तशी ती माझ्या हातात राहिलीच नाही… कुणीतरी पलीकडून दोरा ओढावा तशी रेघ आपोआप पुढं गेली. भिंत रंग पीत होती. आणि वास बदलला. दुधाचा, दारूचा वास गेला. शेवाळाचा आला, बंद पाण्याचा, गार.

"वेस्ता…" नगला पुटपुटला. "मागं कुणीतरी कपडे पिळतंय."

मलाही ऐकू येत होतं. लुगडं पिळावं तसं. पीळ घट्ट होताना होतो तो आवाज, मग जमिनीवर धार. मग पुन्हा पीळ.

"मागं बघू नकोस," मी म्हणालो. मीही बघितलं नाही. घोडा पुरा केला, रंग भरला, आणि मगच वळलो. मागं कुणी नव्हतं. सारवलेली जमीन दारापर्यंत भिजलेली होती. तेवढ्यात बाहेर ढोल पुन्हा सुरू झाला, मध्ये थांबलाच नव्हता असा.

भुरीमा जेवण घेऊन आत आली. उडदाची डाळ, मक्याचा रोटला. ताट खाली ठेवताना तिची नजर भिंतीवर गेली आणि ती तिथंच बसली.

"पूस तो," ती हळूच म्हणाली. "वेस्ता, पाया पडते तुझ्या. पूस."

"कुणाचा आहे हे ठाऊक आहे वाटतं तुम्हाला?"

तिनं पदर तोंडावर घेतला.

"ठाऊक नाही ना? मग भिता कशाला? घोडाच तर आहे."

"तुला सूड हवाय," ती म्हणाली. "घे बाबा. पण ती कुणाला हाका मारत होती ते तुला माहीत नाही. तुला झेपायचं नाही ते."

म्हातारी मुलाला वाचवायला काहीबाही बोलते, असं मला वाटलं. मी पोटभर जेवलो. नगलानं तुकडाही मोडला नाही.

ऊन उतरल्यावर चादर सोडली. अंगण माणसांनी भरलं होतं. भिंत बघून बायांनी कानशिलावर बोटं मोडली, कुणीतरी म्हणालं, वेस्ताचा हात म्हणजे वेस्ताचा हात. हिमला उठला. आधी त्याची मान हलायला लागली, मग खांदे, मग सगळं अंग. तलवार घेऊन तो भिंतीसमोर आला.

"हा कुणाचा?"

"बाबा पिठोरोचा," गमीर म्हणाला.

"हा कुणाचा?"

"पिठोरी राणीचा."

एकेक करत तो पुढं सरकत गेला. आजा झाला, आज्याचा भाऊ झाला, बाप झाला, काका झाला. पुढच्या घोड्याला त्यानं टोक लावलं.

"हा कुणाचा?"

गमीरनं भिंतीकडं बघितलं. मग माझ्याकडं. "चारच ठरले होते," तो म्हणाला. "लखाऱ्याला विचारा!"

"घर कुणाचं?"

"माझं, पण…"

"हा कुणाचा?"

त्या घोड्याच्या खुरांखालून पाणी निघालं. मी डोळ्यांनी बघितलं, सगळ्यांनीच बघितलं. भिंतीवरून बारीक धार उतरली, जमिनीवरून वाट काढत गेली आणि गमीरच्या पायाच्या अंगठ्याशी जाऊन थांबली. त्यानं पाय मागं घेतला. धारही तेवढीच पुढं गेली.

"थावलीचा!" तो ओरडला. "थावलीचा आहे! थावलीचा!"

"कशी गेली?"

"मी ढकललं नाही हो…" गमीर खाली बसला. "घागर सुटली होती, ती काढायला ती दोर धरून उतरली. पाणी छातीएवढंच होतं. मी… मी दोर वर ओढून घेतला. राग आला होता मला. सारखी म्हणायची, गुरुवारी माझा दादा येणार आहे, तो बघून घेईल तुम्हाला. म्हटलं राहू दे रात्रभर, माहेरची मिजास उतरेल. थंडी होती… सकाळी हाका मारत होती. मग मला वाटलं, आता बाहेर काढली तर ती सांगेल. गुरुवारी दुपारपर्यंत तिचा आवाज होता… 'दादा, दादा' असा. मग थांबला."

भुरीमानं हंबरडा फोडला. माणसं गमीरवर धावली. मी जागचा हललो नाही. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते झालं होतं, आणि मी दगडासारखा उभा होतो. गुरुवार हा शब्द तेवढा कानात वाजत होता.

हिमला थांबला नव्हता. एवढ्या गलक्यात तो एक पाऊल उजवीकडं सरकला आणि तलवारीचं टोक पुन्हा भिंतीला लागलं.

"हा कुणाचा?"

थावलीच्या घोड्याच्या मागं आणखी एक घोडा होता. नुसती रेघ, रंग न भरलेला. लांब मान. एक कान पुढं, एक मागं.

देवाशपथ सांगतो, मी तो काढला नव्हता. ठरवलाही नव्हता. चादर सोडली तेव्हा तिथं पांढरी मोकळी जागा होती. नगलानं छाती बडवून सांगितलं की त्यानं काडीला हात लावला नाही. आणि लावला असता तरी तो कान त्याला काढता येत नव्हता.

"याला घरधनी नाही," हिमला म्हणाला. "याला काढणाऱ्यानं नाव द्यायचं."

"मी नाही काढला…"

हिमला वळला. अगदी जवळ आला. त्याच्या तोंडाला दारूचा वास यायला हवा होता, शेवाळाचा येत होता. तो माझ्या कानाशी वाकला, आणि सत्तर वर्षांच्या त्या म्हाताऱ्याच्या तोंडून थावली बोलली.

"भिंत झाली का, दादा?"

आता हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. ती मेली त्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, थावली माझ्याकडं आली होती. अनवाणी, ओठ फुटलेला. मला त्या बुधवारी दुसऱ्या गावची भिंत काढायची होती आणि ती अर्धी डोक्यात उभी राहिली होती. ती म्हणाली, "दादा, मला होळीपर्यंत इथं राहू दे." मी डोळे उघडले नाहीत. नुसता तळवा वर केला, थांब म्हणून. ती बसून राहिली. ऊन अंगणभर आलं तरी बसून होती. मग पुन्हा म्हणाली, "दादा…" मी खेकसलो, "माझी भिंत चालू आहे, दिसत नाही का? गुरुवारी येतो तुझ्या घरी, तेव्हा बोलू." ती उठली. जाताना म्हणाली, "बरं. भिंत झाली की ये."

बुधवारी भिंत झाली. फार छान झाली. गुरुवारी तिथं जेवणं होती, लखाऱ्याचा मान असतो, दारू होती, लोक माझे घोडे बघून वाहवा करत होते. मी थांबलो. शुक्रवारी झोपलो. शनिवारी निरोप आला, पाय घसरला म्हणून. गुरुवारी सकाळी निघालो असतो तर उन्हं डोक्यावर यायच्या आत तिथं पोचलो असतो. तेव्हा ती पाण्यात उभी होती. जिवंत होती. मला हाका मारत होती.

"हा कुणाचा?" तिनं विचारलं. तिनंच विचारलं, हिमलानं नाही.

सगळं गाव बघत होतं. त्या भिंतीपुढं आमच्यातलं कुणी खोटं बोलत नाही, हे मघाशी मीच तुम्हाला सांगितलं. मी गमीरकडं बोट केलं आणि म्हणालो, "याचा. गमीरचा."

हिमलाचं अंग हलायचं थांबलं. मग त्याच्या तोंडून थावली हसली; लहानपणी भातुकलीत माझी लबाडी पकडल्यावर हसायची तशी.

"बरं," ती म्हणाली. "त्याला उसना देते."

आणि हिमला जमिनीवर कोसळला.

पोलीस आले, लिहून घेतलं, पुन्हा येतो म्हणाले. त्यांना पुन्हा यावं लागलं नाही. त्या दिवसापासून गमीरच्या घशाखाली पाणी उतरेना. भांडं तोंडाशी नेलं की आत बघायचा आणि लांब फेकून द्यायचा. "ती खालून वर बघतेय," म्हणायचा. जीभ सुकून काळी पडली. चौघांनी धरून तोंडात ओतलं तर तेवढंच ओकून टाकलं. दोन्ही बाजूंना भरलेले हंडे, आणि मध्ये खाटेवर माणूस तहानेनं मेला. होळीला दोन दिवस होते. मला वाईट वाटलं का? खोटं कशाला बोलू. होळीला मी घुंगरू बांधून नाचलो.

पण भिंतीचं काम सोडलं. दुसरी भिंत ठरवायला बसलो की डोळे मिटताच अंगणात कुणीतरी बसलंय असं वाटायचं, पाय दुमडून, मुकाट. नगला आमच्यातून उठून बडोद्याला मजुरीला गेला, तो परत आलाच नाही. भुरीमा मुलीकडं गेली आणि तिकडंच वारली. ते घर ओस पडलं, कौलं उतरली, तेरा पावसाळे त्या भिंतीवरून गेले. सूर्य गेला, वाघ गेले, देवांचे घोडे धुऊन गेले. दोन घोडे तेवढे राहिले, असं तिकडं शेरडं चारणाऱ्या बायका सांगायच्या. रंगाचा आणि रेघेचा. मी बघायला गेलो नाही.

परवा त्यातलीच एक इकडं बाजाराला आली होती. म्हणाली, "वेस्ताकाका, तुम्ही येऊन पुसलात काय हो?"

"काय पुसलं?"

"मागचा घोडा. तिथं आता काहीच नाही. जागा कशी पांढरी शुभ्र, कालच पोरींनी सारवल्यासारखी. पुढचा आहे तसाच आहे."

मी तिला चहा पाजला. थोडी बस म्हटलं. पूर्वी मला कुणी बोललेलं खपायचं नाही. आता कुणी उठायला लागलं की मी आणखी एक चहा टाकतो. तुम्हालाही म्हणूनच इतका वेळ धरून बसवलंय. तुमचं चित्र मी काढणार नाही, हे तुम्ही दारात पाऊल टाकलंत तेव्हाच ठरलं होतं.

अंधार पडला. दिवा जरा पुढं ओढा. एक विचारतो, खरं सांगा. तुम्ही आलात, चपला काढल्यात आणि रामराम करायच्या आधी मला काहीतरी विचारलंत. मी उत्तर दिलं नाही, चहा टाकायला उठलो. आठवतंय? तुम्ही म्हणालात, "काका, अंगणात हा घोडा कुणाचा बांधलाय?"

आमच्या या वस्तीत घोडा कुणाकडंच नाही. लग्नाला लागला तरी भाड्यानं बाहेरून आणावा लागतो. मी तेव्हाही बाहेर बघितलं नाही, आता तुम्हीही बघू नका. नुसतं एवढं सांगा… तुम्हाला दिसला तेव्हा त्याच्यात रंग भरलेला होता का?

नको, राहू द्या. सांगू नका. आणि एवढ्यात उठूही नका. तुमची गाडी कुठं जाते? तुम्ही इथं बसला आहात तोवर तो नुसता उभा आहे.